माहेरच्या वाटेतलं जंगल

सुपडाअक्का जंगलात शिरायची ती ओरडत. डोंगराच्या पायथ्याशी नाला होता. तो ओलांडला की ती पदर कमरेला खोचायची आणि खणखणीत आवाजात सुरू करायची, "येस वं माय, मी येस! सांभाया वं!" म्हणजे अहिराणीत, येते गं माय, सांभाळा. तिच्यामागे राखणीला निघालेल्या आणखी बाया असायच्या. त्याही खोकायच्या, काठ्या दगडांवर आपटायच्या. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, वाघाबिघाला घाबरवत असतील. वाघ कुठला तिथे! वर झाडं तोडायला आलेल्या बायकांना वेळेवर कळावं, म्हणून तो सगळा दंगा होता.

मी मूळची जळगावची, पिंप्राळ्याची. शिक्षिकेची नोकरी लागली ती मात्र धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्याच्या पार पश्चिमेला, आमळपाडा नावाच्या गावात. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. गावात मला खोली मिळाली ती अक्काच्या घराला लागून. मधली भिंत एवढी पातळ, की तिकडे मिरचीची फोडणी पडली की इकडे मला ठसका लागायचा. ठसका ऐकू आला की भिंतीपलीकडून अक्का विचारायची, "बाई, भाजी दिऊ का?" मी नको म्हटलं तरी वाटी यायची. पुढे पुढे मी नको म्हणायचं सोडून दिलं.

अक्का तेव्हा पंचेचाळीस-पन्नाशीची असेल. काळीसावळी, उंच, चालताना एक खांदा पुढे. तिच्या आधीची आणि नंतरची भावंडं जगली नाहीत. ही जन्मली तेव्हा आईने नवस बोलून तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि परत घरात आणलं, म्हणून नाव सुपडाबाई. सगळ्यांत मोठा भाऊ गोरख तेवढा जगला होता. "आमी दोनच," असं ती सांगायची. त्यापुढे काही नाही. दोन मुलं सुरतेला कारखान्यात होती. घरात ती आणि नवरा. नवऱ्याला सगळं गाव आबा म्हणायचं. आबांचं एकच काम, अक्का बोलेल त्याच्या उलट बोलणं. ती म्हणाली आज ऊन आहे, की हे आभाळ शोधायला अंगणात जायचे.

आता तो दंगा कशासाठी, ते सांगते. डोंगराच्या अलीकडे आमळपाडा, पलीकडे खडकवेल. मध्ये जंगल. आमळपाड्याच्या निम्म्या सुना खडकवेलच्या लेकी. खडकवेलकडची बाजू कधीच बोडकी झाली होती, त्यामुळे तिथल्या बायका जळणासाठी टेकडी चढून आमच्या बाजूला उतरायच्या. म्हणजे आमळपाड्याच्या बायकांनी जंगल राखायचं ते कोणापासून, तर आपल्या आईपासून, चुलतीपासून, भावजयीपासून. पकडलं तर माहेर तुटतं. नाही पकडलं तर जंगल जातं. अक्काने यावर काढलेला उपाय म्हणजे हे ओरडणं. आवाज ऐकला की वरच्या बायका अर्धवट मोळी टाकून पळायच्या. कोण होतं ते कोणी बघायचं नाही. टाकलेली मोळी गावात आणून ज्या घरी जळण नसेल तिथे द्यायची. रोज अर्धी मोळी टाकून पळायचं म्हणजे नुसतीच पायपीट, त्यामुळे हळूहळू येणं कमी झालं.

वन खात्याचे साहेब एकदा आले होते. त्यांना हे कळल्यावर ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो अक्का, चोराला आधी सांगून पकडायला जाता तुम्ही?"

"सायेब, मनी मायच सापडनी तं मी काय करू?" अक्का म्हणाली.

साहेबांनी चहा मागितला.

हेच साहेब गावात वन समिती करायला आले, ती गोष्टही सांगायला हवी. बायकांनी राखण आधीच सुरू केली होती. पण कागदावर समिती झाल्याशिवाय गावाला काही हक्क मिळणार नव्हता. सभा मारुतीच्या पारावर ठेवली. पारावर पुरुष बसले. बायका खाली भिंतीशी, डोक्यावरून पदर ओढून, पाठ अर्धी वळवून. सासरे, जेठ समोर बसलेले, बोलणार कोण? साहेब विचारत होते, "महिला सदस्य कोण?" आणि पारावरून पुरुष आपापल्या बायकोचं नाव सांगत होते. बायको तिथेच खाली उभी, तिला विचारायचं कोणाला सुचलं नाही.

अक्का तेवढ्यात म्हणाली, "सायेब, सभा नाल्यापलीकडे घ्या."

"का बुवा?"

"जंगलमा कोन सासरा नी कोन जेठ? तठे बठ्ठा सारखा." जंगलात सगळे सारखे, असं तिचं म्हणणं.

आबा लगेच म्हणाले, की एवढ्या उन्हात तिकडे कोण जाईल. त्यामुळे सगळे गेले. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आबांनी विरोध केला की गावाला अक्काचं पटायचं, असं मी बऱ्याचदा पाहिलं. नाल्यापलीकडे अंजनाच्या झाडांच्या सावलीत खरंच वेगळं घडलं. मोळीला आणि मोहाला बायका तिथे रोज जायच्या, कुठल्या दगडावर कोण बसतं हे ठरलेलं होतं. त्या आपापल्या दगडांवर बसल्या. पुरुषांना बसायला जागा सापडेना. त्या सभेत कुऱ्हाडबंदी झाली, चराईबंदी झाली. वाळलेलं पडीक लाकूड समितीने गोळा करायचं, पावसाळ्याआधी शेडमध्ये रचायचं, आणि ते फक्त गावातल्या लग्नाला, गावातल्या मयताला द्यायचं, असं ठरलं. आणि कुऱ्हाडीसकट कोणी समोर सापडलंच, तर कुऱ्हाड काढून घ्यायची. ज्याची असेल त्याने स्वतः सभेत यावं, सगळ्यांसमोर पुन्हा तोडणार नाही म्हणावं, आणि घेऊन जावी. हा नियम अक्कानेच सुचवला. तो वापरायची वेळ येणार नाही याची तिला खात्री असावी. ओरडून गेल्यावर समोर सापडणार कोण?

चराईबंदी झाली तशी तिने आधी घरची गाय आणि बकऱ्या विकल्या. बैल तर मुलं सुरतेला गेली तेव्हाच गेले होते. घरामागचा गोठा मोकळा झाला. आबा बरेच दिवस त्या रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायचे आणि बाहेर येऊन सांगायचे, "आते आठे मालेच बांध," आता इथे मलाच बांध. अक्का हसायची. ती हसली की आवाज भिंतीतून माझ्याकडे यायचा आणि मलाही कारण नसताना हसू यायचं.

हे सगळं मी नीट सांगू शकते. यापुढचं सांगताना मला आत काही जाणवत नाही, तेव्हाही फारसं जाणवलं नव्हतं. का, ते मला ठाऊक नाही.

चैत्रातली गोष्ट. शेजारच्या घरी लग्न होतं. हळदीला गाणी म्हणायला अक्काशिवाय कोण? दिवसभर गायली. दुसऱ्या दिवशी उठली तर घसा पार बसलेला, तोंडातून नुसती हवा. त्या दिवशी राखणीला तिची पाळी होती. आबा म्हणाले, "आज नको जाऊ. घसा बठेल शे तुना." आबा म्हणाले नसते तर कदाचित थांबलीही असती. ती गेली. बरोबरच्या बायका लग्नघरच्या जागरणाने पेंगुळलेल्या. ओरडायचं ते अक्काने, ही इतक्या वर्षांची सवय, त्यामुळे दुसरं कोणी तोंड उघडलं नाही. कोणाच्या ध्यानातच आलं नाही. नाला ओलांडला, चढण चढली, सगळं गपचूप.

वर धावड्याचं झाड पडलेलं होतं आणि त्याच्या फांद्या तोडत होती इंदू, गोरखभाऊची बायको. अक्काची एकुलती एक भावजय. हातात कुऱ्हाड. अंतर इतकं कमी, की एकमेकींना दिसलो नाही असं म्हणायची सोय उरली नाही. मागे बायका उभ्या होत्या.

पुढचं त्यातल्या एकीने मला सांगितलं. अक्काने जवळ जाऊन हात पुढे केला. इंदूने कुऱ्हाड तिच्या हातात दिली नाही, जमिनीवर टाकली आणि खाली उतरून गेली. अक्काने ती उचलली.

दोन दिवसांनी गोरखभाऊ आला. मी अंगणात तांदूळ निवडत होते, मला सगळं ऐकू आलं. उंच माणूस, चेहरा थेट अक्काचा. ओट्यावर बसला. पाणी प्यायला. चहा नको म्हणाला.

"कुऱ्हाड दी टाक," तो म्हणाला.

अक्काचा आवाज अजून पुरता आला नव्हता. "भाऊ, वहिनीले येनं पडी. सभामा. बठ्ठासले तोच नियम शे."

"तू दबत दबत ऊनी. दुसरासले वरडीसन सांगस, नी तिले नही सांगं."

"घसा बठेल व्हता मना."

गोरखभाऊचा विश्वास बसला नाही. मी त्याच्या जागी असते तर माझाही बसला नसता. सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं की सुपडाबाई ओरडून येते. ती न ओरडता आली म्हणजे मुद्दाम आली, याला दुसरा अर्थ कोण लावणार? त्यात मागची कोणती कुरबुर होती का, अक्काची आई असतानाच्या काळातली, ते मला माहीत नाही. प्रत्येक घरात काहीतरी असतंच.

"मंग ठेव ती कुऱ्हाड," तो उठत म्हणाला. "नी आमना घर नको येऊ."

आबा आत होते. ते बाहेर आले नाहीत, उलट बोलले नाहीत. अक्काने भावाचा पाण्याचा पेला उचलला, विसळला, पालथा घातला.

त्यानंतर आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशात लेकींचा सण. माहेराहून मुराळी येतो, लेकीला घेऊन जातो. झाडांना झोके बांधतात, खापरावरचे मांडे होतात, आमरस होतो, बायका गाणी म्हणतात. पन्नाशीच्या बाईलाही भाऊ न्यायला येतो. नातवंडं झालेल्या बाया मुराळ्यामागून पिशवी घेऊन चालताना मी पाहिल्या आहेत, चाल एकदम पोरीसारखी. आमळपाड्यातल्या सुना एकेक करून खडकवेलला गेल्या. त्यांचं माहेर शाबूत होतं. अक्काने त्यांचं शाबूत राखलं होतं असं कोणी म्हणालं नाही, आणि तीही म्हणाली नाही. ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून नेसली आणि ओट्यावर बसून दिवसभर शेंगा फोडल्या. रस्त्याकडे तिने एकदाही मान वळवली नाही. संध्याकाळी लुगडं बदलून चूल पेटवली. भिंतीपलीकडून मला आमरसाची वाटी आली. मी ती खाल्ली. गोड होता.

पुढच्या आखाजीला तेच. त्याच्या पुढच्याही. कोणी विषय काढला तर ती म्हणायची, "येई. कोठे जाई तो?" आणि जंगलाचं बोलायला लागायची. सागाची रोपं छातीपर्यंत आली, नाल्याला उन्हाळ्यातही ओल राहायला लागली, मोर दिसले. हे तिने फार वेळा सांगितलं. ओरडत जाणं तिने सोडलं नाही, उलट वाढवलं. आता ती गावातूनच सुरुवात करायची. मला वर्गात फळ्यावर लिहिताना ऐकू यायचं, "येस वं माय, मी येस!" पोरं हसायची. मी हसायची थांबले होते.

मधल्या एका पावसाळ्यात खडकवेलची एक म्हातारी वारली. त्यांच्याकडे कोरडं लाकूड नव्हतं, म्हणून समितीकडे मागायला आले. अक्का नाही म्हणाली. एकदा दिलं तर पाच गावं येतील आणि शेड पहिल्याच झडीला रिकामी होईल, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. त्या लोकांनी शेणाच्या गोवऱ्या आणि रॉकेलवर निभावलं. अर्धवट जळालं असं पुढे अक्काच्याही कानावर आलं.

माझी बदली झाली तो श्रावण होता. सामान बांधून मी पाऊस थांबायची वाट बघत बसले होते. झड लागलेली, साक्रीकडचा रस्ता पुराने बंद. दुपारी अंगणात माणसं आली. खडकवेलचे दोघं जण आणि त्यांच्यामागे, डोक्यावर गोणपाटाची घोंगती घेतलेला, गोरखभाऊचा मुलगा कैलास. समितीच्या काही बाया अक्काच्या ओट्यावर बसलेल्या होत्या.

"लाकूड पाह्यजे व्हतं," पुढचा माणूस म्हणाला. "गोरखभाऊ गया."

ते तिला सांगायला आले नव्हते. लाकूड मागायला आले होते. बहिणीला निरोप धाडायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं, किंवा आलं असेल तरी कोणी धाडला नव्हता. लाकूड मागता मागता तिला कळलं.

"कव्हय?" अक्काने विचारलं.

"सकायले."

ओट्यावरची एक बाई उठून उभी राहिली. "अक्का, शेड उघाडूत. कोन इचारस?" बाकीच्याही तेच म्हणाल्या. सगळ्या मनापासून म्हणत होत्या. त्या दिवशी तिने हो म्हटलं असतं तर त्या गावात एकाही माणसाने बोट दाखवलं नसतं, हे मला आजही वाटतं.

"नही," अक्का म्हणाली. "त्या म्हातारीले नही सांगं मी. आते भाऊसाठे हा कशी सांगू?"

कैलास वळला. चिखलात त्याचे पाय फसले, ते काढून तो चालू लागला.

"थांब रे कैलास," ती म्हणाली. मग आत तोंड करून, "आबा, गोठा उतारा."

आबा बाहेर आले. मी वाट बघत होते ते काहीतरी उलट बोलतील याची. त्यांनी भिंतीला लावलेली शिडी उचलली आणि मागे गेले.

गोठ्याची कौलं आधी उतरवली. मग वासे, मग आढं, मग सागाचे जुने खांब. इतकी वर्षं कौलाखाली राहिलेलं लाकूड, खडखडीत कोरडं. उतरवलं तसं वरून गोणपाट आणि प्लास्टिकचे कागद टाकत गेले. माणसं भराभर काम करत होती आणि अक्का पडवीत बसून प्रत्येक वाशातले खिळे पकडीने उपटत होती. चितेच्या लाकडात लोखंड नको म्हणून. एक गंजलेला खिळा निघेना, तर तिने वासा मांडीवर आडवा घेतला आणि खूप वेळ त्याच्याशी झटली. मी जवळ जाऊन बसले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्याही नव्हतं. ती खिळे माझ्या हातात देत होती आणि मी ते एका डब्यात टाकत होते, तेवढंच.

खडकवेलहून आणलेली बैलगाडी भरली. वरून कागद बांधला. घरामागे आता नुसती ओली मोकळी जागा दिसत होती आणि पाऊस थेट तिच्यावर पडत होता. खडकवेलची माणसं जंगलातून जाणाऱ्या गाडीवाटेने पुढे चालू लागली. कैलास बैलांपाशी गेला, कासरा हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. खान्देशात आत्याला फुई म्हणतात. तो बैलांकडे बघतच म्हणाला,

"फुई, बस."

अक्काने आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "जाय."

ती चाकावर पाय देऊन वर चढली आणि भावाच्या लाकडांवर बसली. गोणपाटाची घोंगती तिने कपाळापर्यंत ओढून घेतली. आम्ही बायका नाल्यापर्यंत मागे मागे गेलो. पुढे जायचं की थांबायचं ते कोणाला कळेना, म्हणून थांबलो. डोंगर त्या पावसात इतका हिरवा होता की बघवत नव्हता.

नाल्याला पाणी होतं. गाडी मधोमध गेली आणि एका अंगाला कलली. लाकडं सरकली. कैलासने मागे न बघताच एक हात मागे केला आणि अक्काने तो धरला. गाडी पलीकडे चढली, सरळ झाली, झाडांत शिरली. मला दिसत होतं तोवर तिने हात सोडला नव्हता.